खरं करून दे

विचारलंसुद्धा नाही! म्हणजे काय समजायचं माणसानं? पोह्यांची बशी समोर ठेवून विनताबाई देवापुढचा दिवा सारखा करायला म्हणून आत गेल्या, वात पुढे ओढली, हात पदराला पुसले, तिथंच बसून एक माळ जपली आणि बाहेर येऊन बघतात तो बशी रिकामी. नुसती रिकामी नाही, विसळून मोरीच्या कठड्यावर पालथी घातलेली. आणि चिरंजीव गच्चीच्या दारात उन्हाला खुर्ची ओढून, मटाराची टोपली पुढ्यात घेऊन शेंगा सोलत बसलेले, जशी काही रोजचीच रीत. एवढा मोठा घोडा, चाळिशी उलटलेला; पण आईनं समोर बसून पहिला घास घेतल्याशिवाय ह्यानं ह्या घरात अन्नाचा कण तोंडात टाकला नव्हता, आणि आज अख्खी बशी संपवली, आईकडे मान वळवून बघण्याचीही तसदी न घेता. विनताबाईंना आधी राग आला. बाकी जे काय यायचं ते मागाहून आलं, पण आधी राग आला, आणि तो त्यांनी लपवला नाही. लपवायचा कुणापासून? घरात दोघंच.

"बशी कुणी विसळली?"

"मी."

"अन् पोहे?"

"खाल्ले न."

"कावळ्यांना तर नाही घातले?"

"नाही ग, आई." अनिमेषनं मान वर केली नाही. शेंग फोडली, अंगठा आतून फिरवला, दाणे वाडग्यात पडले.

"अच्छा," विनताबाई म्हणाल्या. ह्या एका शब्दावर त्यांनी आयुष्यात पुष्कळ माणसं गार केली होती. नवऱ्याच्या फॅक्टरीतले साहेब, भाडं वाढवायला आलेला मालक, मुलाला मांत्रिकाकडे न्या म्हणणारी शेजारीण. अनिमेष गार झाला नाही. त्यानं पुढची शेंग घेतली. मटाराचं त्याचं फार जुनं. अगदी वाईट दिवसांतही तो मटार खायचा, केळी खायचा, भुईमुगाच्या शेंगा खायचा. बंद शेंगेत कोण काय घालणार? त्या दिवसांत ह्या सोवळ्याच्या घरात उकडलेली अंडीसुद्धा आली होती. विनताबाईंनी नाकाला पदर लावून वेगळ्या पातेल्यात ती उकडली होती, आणि गढा मोहल्ल्यातल्या समस्त मराठी बायांना बजावून सांगितलं होतं की हो, उकडते अंडी, ज्यांना बोलायचं आहे त्यांनी समोर येऊन बोला. कुणी आलं नव्हतं. मूर्ख असतात लोक, पण इतकेही नसतात.

रीत पडली ती एका चुकीनं पडली होती. इंजिनिअरिंग अर्धवट टाकून पोरगा घरी परतला तेव्हा तो हिंदीच बोलायचा. होस्टेलची सवय म्हणावी तर घरात पाऊल टाकताच ती जायला हवी होती, पण नाही, मराठी जशी काही घरच्यांची म्हणून संशयात गेलेली. ताट समोर ठेवलं की तो ते बोटानं लोटायचा आणि म्हणायचा, "ये झूठा है." विनताबाईंच्या कानाला ते 'जूठा' ऐकू आलं. उष्टं! त्यांच्या स्वयंपाकघरात! जिथं नैवेद्य झाल्याशिवाय आमटीचं मीठसुद्धा कुणी जिभेवर ठेवून पाहिलं नव्हतं, सासूनं नाही, सासूच्या सासूनं नाही, तिथं त्यांचा पोटचा पोरगा ताटाला उष्टं म्हणतो. त्यांनी ताट उचललं, दुसरं वाढून आणलं. तो पुन्हा, "झूठा है." तिसरं आणलं. तो पुन्हा तेच. मग मात्र त्यांचं डोकं फिरलं. "जूठा, जूठा! सकाळपासून एकच लावून राहिला! थांब, आता खरंच जूठा करून दाखवते," असं म्हणून त्यांनी फतकल मारली, त्याच्याच ताटातला वरणभात कालवला आणि हा एवढा घास तोंडात कोंबला. अनिमेष त्यांच्या गळ्याकडे बघत राहिला. घास खाली उतरेपर्यंत बघत राहिला. मग त्यानं ताट स्वतःकडे ओढलं आणि वखवखल्यासारखा जेवला. रात्री अनिमेषचे वडील, दिवाकरराव, हळू आवाजात म्हणाले, "अग, तो जूठा नव्हता म्हणत. झूठा म्हणून राहिला होता. खोटं. त्याला वाटतं, अन्नात कुणी काही घातलं आहे." विनताबाईंना चौथीनंतर शाळा नव्हती, पण गणित चटकन कळायचं. "म्हणजे मी उष्टं केलं तर ते खरं होतं?" दिवाकरराव काही बोलले नाहीत. त्यांना न बोलण्याचीच सवय होती, आणि ती सवय घेऊनच ते पुढे देवाघरी गेले. पण शब्द मात्र घरात राहिला. आई, खरं करून दे. चहा खरा करून दे. आई, पोळी खरी केलीस का? पाहुण्यांना वाटायचं, काय गोड बोलतो पोरगा.

एका घासात भागलं असतं तर गोष्ट निराळी. पण विष काठाला नसून मधे असलं तर? मधे नसून तळाशी असलं तर? म्हणून भाताचा काठ, भाताचा मध्य, भाजीतली फोड आणि रसा, दोन्ही पोळ्यांचे तुकडे, वरच्या पोळीचा आणि खालच्या पोळीचाही. औषधं सुरू झाली तसा त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांचा जाच कमी झाला, हिंदी गेली, मराठी परत आली, तो दुपारी शेजारच्या पोरांना गणित शिकवू लागला. पण त्या गोळ्यांनी भूक अशी वाढवली की चार वाजता उपमा, दिवेलागणीला काहीतरी तळलेलं, मधे दोनदा दोन चमचे साखरेचा चहा, आणि प्रत्येकातला निम्मा विनताबाईंचा. रविवारी लेक पूर्णिमा सिहोऱ्याहून यायची, तिथं ती शाळेत शिकवते. बसस्टँडवरून येताना खोव्याची जलेबी आणायची, भावाला आवडते म्हणून. जलेबीलाही मधला भाग असतोच. आणि हे सगळं झाल्यावर, त्याचं ताट उचलल्यावर, विनताबाई आपलं ताट घेऊन बसायच्या आणि आपलं जेवायच्या. कारण ते आधीचं काही जेवण नव्हतं. ते काम होतं. भांडी घासण्याला कुणी जेवण म्हणतं काय? पोलक्यांच्या शिवणी उसवून झाल्या, मग नवी पोलकी झाली, मग त्यांच्याही शिवणी उसवल्या. पौर्णिमेला ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेत पाय बुडवून यायचा नेम होता, तो सुटला, कारण घर सोडायचं कसं. आणि पुढं घर सोडता आलं असतं तेव्हा गुडघे सोडत नव्हते. बाया म्हणायच्या, विनताबाईंना काय, सून नाही, कटकट नाही, बसल्या जागी अंगाला लागून राहिलं आहे. विनताबाई म्हणायच्या, हो न बाप्पा, तुम्हाला मेल्यांना खाल्लेलं अंगालाही लागत नाही.

टाचेला चपलेचा पट्टा घासून जखम झाली. एवढीशी. ती भरेना. पूर्णिमा म्हणजे दिवाळीपासून मागे लागलेली. शेवटी गेल्या रविवारी तिनं बळंच रिक्षात घातलं आणि सदर बाजारातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण बाई, केस आखूड, बोलायला मऊ. सुई टोचली, दंडाला पट्टा बांधला, कागद पाहिला आणि विचारलं, "माताजी, दिनभर में क्या-क्या खाती हैं?"

"दो रोटी, थोड़ा भात, दाल. हमको क्या खाना है अब."

"मॅडम," पूर्णिमा मधे बोलली, "भैया की थाली का आधा ये खाती हैं. हर बार. चाय भी."

"वो खाना थोड़ी है!" विनताबाई इतक्या जोरात म्हणाल्या की बाहेर बसलेल्या माणसानं आत डोकावलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "शरीर को नहीं मालूम, माताजी, कि कौन-सा निवाला आपका है और कौन-सा बेटे का." मग पूर्णिमेकडे वळून, पण ह्यांना ऐकू जाईल असंच, म्हणाल्या की घरात असा एक आजारी असला की त्याला सांभाळणारा त्यांच्याकडे हमखास येतो, साखर घेऊन, रक्तदाब घेऊन, आणि प्रत्येक जण हेच म्हणतो की मला काय झालं आहे. पायाला हात लावून त्यांनी सांगितलं की हे असंच चाललं तर जखमेची गोष्ट उद्या पायाची गोष्ट होईल. पायाला हात लावला म्हणून विनताबाईंनी सवयीनं आशीर्वाद दिला.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मायलेकींचं जुंपलं. आवाज दाबून, कारण पलीकडे अनिमेष.

"आई, आता बंद कर हे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं न, त्याच्या ताटातलं खाऊन तुझा पाय जाईल."

"बंद कर म्हणे! नळ आहे काय बंद करायला?"

"तू पडलीस तर? त्याला कोण पाहणार? मी रोज सिहोऱ्याहून घास खायला येऊ?"

"तुझा घास त्याला चालणार नाही."

हे म्हणताना आवाजात जी ऐट आली ती विनताबाईंना स्वतःला कळली नाही, पूर्णिमेला कळली. मास्तरीणच ती. चष्म्यावरून बघत म्हणाली, "तुला तेच पाहिजे आहे न, आई?" आणि पर्स उचलून बससाठी निघून गेली. जाता जाता जलेबीचा पुडाही परत घेऊन गेली, एवढं तिचं धाडस. विनताबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. पाय जायचा असेल तर जावो. पायाला काय चाटायचं आहे? नागपूरला पुतणीच्या लग्नाला गेल्या होत्या, एकदाच, दिवाकरराव होते तेव्हा. मांडवात अक्षता पडतात न पडतात तो फोन आला की पोरानं पाणीसुद्धा सोडलं आहे, आणि परतल्या तेव्हा तो दवाखान्यात होता, नाकात नळी, ओठ झाडाच्या सालीसारखे. त्या ओठांनी त्यानं हे एवढंच म्हटलं होतं, आलीस? तेव्हापासून त्या कुठल्याही मांडवात गेल्या नाहीत. पाय एक गेला तर दुसऱ्यावर उभं राहता येतं. ते ओठ पुन्हा बघायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

आणि आज बशी पालथी. रागाच्या पाठोपाठ आली ती भीती, आणि ती बरोबर सगळं बिऱ्हाड घेऊन आली. विनताबाईंनी केराचा डबा उघडून पाहिला. मोरीच्या जाळीत बोट घालून पाहिलं, एकच शेंगदाणा निघाला. तुळशीच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली, खालच्या घराच्या पत्र्यावर. कावळे तर नव्हतेच, चिमण्याही नव्हत्या. म्हणजे खाल्ले. मग गोळ्यांची पट्टी पाहिली; गोळ्या बंद कागदात असतात, त्यांना खरं करावं लागत नाही, त्याच्या तो घेतो. हिशेबानं बरोबर गेलेल्या होत्या. मग काय? त्याला भुकेनं भ्रम झाला? की नवं काही सुरू झालं? इतक्या वर्षांत त्या एक शिकल्या होत्या की ह्या दुखण्यात एकाएकी झालेली कुठलीही गोष्ट चांगली नसते. मागे एकदा तो असाच सकाळी उठून गुणगुणू लागला, दाढी केली, अंगण झाडलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याला दोघांनी धरून न्यावं लागलं. की दुसरं कुणी आहे? हा विचार आला आणि विनताबाई स्वतःवरच चमकल्या. खाली राहणारी प्रणोती परवा साखर मागायला आली होती, दारात उभी राहून त्याच्याशी बोलली होती. तिनं पोहे चाखले असतील? तिच्या तोंडचं ह्याला चाललं? छातीत काहीतरी आवळलं गेलं, आणि ते काळजीचं नव्हतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण काळजी कुठं आवळते ती जागा त्यांच्या पाठीत होती. ही जागा दुसरी. पूर्णिमेचा चष्मा डोळ्यांपुढे आला. त्यांनी तो झटकला आणि कणीक मळायला घेतली. इतकी मळली की कणकेनंच आता पुरे म्हणावं.

दुपारी नैवेद्य झाला. वरण, भात, मटार घातलेली वांग्याची भाजी, पोळ्या. दोन ताटं मांडली. त्याचं त्याच्यापुढे, आपलं बाजूला, झाकून, नेहमीसारखं. समोर बसून त्यांनी हात पुढे केला. अनिमेषनं ताट हळूच स्वतःकडे ओढलं. ओढलं म्हणजे हिसकावलं नाही. पाटावर बसलेल्या लहान मुलाला बाजूला सरकवावं तसं.

"राहू दे, आई."

"काहून?"

त्यानं भात कालवला. वरण ताटाच्या काठाला गेलं. पौषातली थंडी, दाराशी कोवळं ऊन, आणि त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब. त्यानं डोळे मिटले, घास तोंडात घातला, आणि तो तसाच गालात धरून बसला. विनताबाईंचा हात अजून हवेतच होता. आता त्या त्याच्या गळ्याकडे बघत होत्या. गळ्याची घाटी वर गेली, थांबली. त्यांना वाटलं थुंकेल. त्यांना, खरं सांगायचं तर, क्षणभर वाटलं की थुंकावं, म्हणजे निदान ओळखीचं काही होईल. घाटी खाली आली. त्यानं डोळे उघडले आणि दुसरा घास कालवला.

"कुणी सांगितलं तुला? त्या प्रणोतीनं?"

"ती काहून सांगेल?" तो खरोखरच गोंधळला. "पूर्णिमा अन् तू बोलत होत्या न. भिंत केवढीशी आहे आपली." तिसरा घास. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, आई. म्हणत होतो की नाही? अन्नात काहीतरी आहे. बाबांनी मानलं नाही, डॉक्टरांनी मानलं नाही. गोळ्या दिल्या. अन् होतंच न शेवटी? चहात होतं. भातात होतं. त्या जलेबीत तर होतंच होतं. फक्त ते माझ्यासाठी नव्हतं. तुझ्यासाठी होतं. अन् मीच तुला बसवून बसवून खाऊ घालत होतो."

विनताबाईंच्या अंगावर काटा आला. हे दुखणं बोलत होतं की पोरगा? सुपात घेऊन पाखडावं, खडे एकीकडे, तांदूळ एकीकडे, अशी त्यांना आयुष्यभराची सवय. ह्याचं प्रत्येक वाक्य त्या गेली कित्येक वर्षं असंच पाखडत आल्या होत्या. आज सूप हलवलं आणि वेगळं काही निघेना. जे खडे वाटत होते तेही शिजणारे होते. विष नाही असं त्याला सांगावं, तर डॉक्टरीणबाई खोट्या पडतात. आहे म्हणावं, तर मग पोरगा इतकी वर्षं...

"अन् तुला भीती नाही वाटत आता?"

"वाटते न." त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं बाहेर ऊन आहे असं सांगावं. "सकाळी तर जास्तच वाटत होती. म्हणून तू आत गेली तेव्हा खाल्लं. तू समोर असतीस तर विचारलंच असतं तुला, खरं करून दे म्हणून. तोंडात येतंच ते. मग मोरीपाशी बसलो थोडा वेळ, उलटी झाली तर घाण नको. नाही झाली." तो भाजीकडे वळला. मटाराचा एक दाणा बाजूला काढून त्यानं आधी तो खाल्ला, मग वांग्याची फोड. "मीठ जास्त झालं आहे," तो म्हणाला.

मीठ जास्त झालं असणारच. भीतीनं केलेल्या भाजीला मिठाचं भान कसलं? विनताबाईंनी हात खाली घेतला. तो हात त्यांना परका वाटला, बाजारात हरवून परत सापडलेल्या पिशवीसारखा; काय काय आहे ते पुन्हा बघून घ्यावं असा. पाठीतली ती जागा, काळजीची, कुणीतरी आतून गाठ सोडावी तशी सैल होत होती, आणि सैल होताना दुखतही होती. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण रडू आलं नाही. आलं ते दुसरंच. आधी त्यांना ओळखच पटेना. पोटात काहीतरी हललं, खड्डा पडल्यासारखं, तोंडाला पाणी सुटलं, वरणावरच्या हिंगाचा वास थेट नाकातून डोक्यात गेला. भूक. त्यांना भूक लागली होती. आपल्या ताटाशी त्या नेहमी भरल्या पोटी पोचायच्या, जेवायचं म्हणून जेवायच्या, चव कुठली ते लक्षात न घेता. आणि आज दुपार उलटून गेली तरी पोटात सकाळचे आपले मूठभर पोहे सोडता काही नव्हतं. लहानपणी सिहोऱ्याच्या मळ्यात आजोळी खेळून आल्यावर लागायची तशी, लाज सोडायला लावणारी भूक. त्या स्वतःशीच हसल्या. ह्या वयात, ह्या देहाला, बाप्पा!

त्यांनी आपलं ताट पुढे ओढलं, झाकण काढलं, पातेल्यातून भाताचा मोठा डाव घातला. मग आणखी एक. तुपाच्या वाटीकडे हात गेला.

अनिमेषचं जेवण थांबलं. तो ताटाकडे बघत होता. त्याच्या नाही, त्यांच्या. डाव्या हातानं त्यानं डाव उचलला, त्यांच्या ताटातला वरचा भात, नीट, सांडू न देता, कापल्यासारखा काढला आणि पातेल्यात परत टाकला. मग तुपाची वाटी उचलून आपल्या मांडीपलीकडे ठेवली. त्याच्या ओठावरचा घाम अजून वाळला नव्हता.

"एवढा पुरे तुला," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे."

ह्या घरात लग्न होऊन आल्यापासून विनताबाईंच्या ताटातला भात कुणी काढला नव्हता. सासूची छाती झाली नव्हती. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, मग ह्या चाळिशी उलटलेल्या, डाव हातात धरून ठाम बसलेल्या, त्यांच्याकडे सरळ बघणाऱ्या माणसाकडे पाहिलं, ज्याला सारा गढा मागून एकच शब्द लावत आला होता. त्यांनी उरल्या भाताचा घास केला, खाल्ला, सावकाश गिळला, आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या,

"लई शहाणा झालास रे तू!"